‘इलेक्ट्रिकलचं काही सांगता येत नाही’ म्हणे!

“मॅडम, इलेक्ट्रिकलचं काही सांगता येत नाही.”

हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी साताऱ्यात चार ठिकाणी आणि सांगलीत दोन ठिकाणी ऐकलं. म्हणणारे निराळे, एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात टॅब. वाक्य मात्र तेच, त्याच सुरात, तसेच खांदे उडवून. शिवाय प्रत्येकाने ते माझ्या भाच्याकडे बघून म्हटलं. गाडी माझी, आरसी माझ्या नावावर, बिघाड मी सांगतेय आणि उत्तर त्याला. भाचा संगणकातला पदवीधर आहे; घरातला फ्यूज कुठे आहे हे त्याला अजून माहीत नाही. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. ओहमचा नियम पडताळताना किती मुलांनी किती अमीटर जाळले, याचा हिशेब अजून माझ्याकडे आहे.

गाडी म्हणजे 2003 सालची मारुती 800. एमएच-11, पांढरी. बिघाड असा की ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मिणमिणायचा, आणि पार्किंग लावून ब्रेक दाबला तर लाल दिवा उजळायचा सोडून उलटा मंदावायचा. त्यात आठवड्यातून एखाद्या सकाळी बॅटरी उतरलेली. आणि मला या गाडीत टेप बसवायचा होता. (स्टीरिओ म्हणा, म्युझिक सिस्टिम म्हणा, कॅसेट जाऊन वीस वर्षं झाली तरी आमच्याकडे तो टेपच.)

यावर मिळालेले सगळे सल्ले एकापुढे एक मांडले तर एक अख्खं शास्त्र तयार होतं. जुन्या गाडीच्या वायरिंगमधला बिघाड सापडत नसतो. सापडला तरी पुन्हा होतो. म्हणून अख्खं वायरिंग बदलायचं. पण त्याचा खर्च गाडीच्या अर्ध्या किमतीएवढा, म्हणून तेही बदलायचं नाही; गाडीच विकायची. विकायचीच तर या डब्यात टेप कशाला? आणि बसवलाच तर आग लागेल. त्यापेक्षा मोबाइल डॅशबोर्डवर टेकवा आणि ऐका काय ऐकायचं ते. नाहीतर हप्त्यावर नवी घ्या, तिच्यात सगळं येतंच. तशीही पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात घालतंच.

इतकी ठाम मतं, आणि सगळ्यांचा पाया काय, तर ‘काही सांगता येत नाही’!

सांगता येतं. करंटाइतका सरळमार्गी प्राणी गाडीत दुसरा नाही. इंजिनाचा आवाज कशामुळे बिघडला यावर दोन मिस्त्री दिवसभर वाद घालू शकतील, पण करंटाचा रस्ता ठरलेला असतो. बॅटरीच्या प्लसमधून निघायचं, फ्यूज ओलांडायचा, बटणातून दिव्यात जायचं आणि पत्र्यातून मायनसला परत यायचं. हो, पत्र्यातून. गाडीत वायरिंग निम्मंच असतं. परतीची वायर म्हणजे गाडीची बॉडी. गॅरेजात त्याला ‘अर्थ’ म्हणतात. आता हा पत्रा साताऱ्यातला आहे. यवतेश्वराच्या बाजूने जूनमध्ये पाऊस एकदा सुरू झाला की घरातले बूटसुद्धा हिरवे होतात. मग डिकीच्या कोपऱ्यातला, वीस वर्षांत कुणी हात न लावलेला बोल्ट गंजणार नाही तर काय सोन्याचा होणार?

माझ्या गाडीत तेच झालं होतं. ब्रेकच्या दिव्याला परत जायला पत्र्याचा रस्ता बंद, म्हणून करंट बिचारा शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून वाट काढत पुढच्या इंडिकेटरमार्गे घरी जायचा. जाता जाता तो दिवा मिणमिणायचा. भूतबाधा नाही, अंगारा नको. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर 20 व्होल्टच्या घरात ठेवला, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन मागच्या दिव्याच्या बुडाला, आणि भाच्याला ब्रेक दाबायला बसवला. चांगल्या अर्थवर 0.2 व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला 4.1. म्हणजे बॅटरी बारा व्होल्ट देत होती, त्यातले चार एका गंजलेल्या बोल्टावर खर्च होत होते आणि उरलेल्यात दिवा लाजतकाजत पेटत होता. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, वायरीचं टोक घासलं, नवा बोल्ट लावला, वरून ग्रीस. खर्च पंधरा रुपयांच्या आत. वेळ चाळीस मिनिटं, त्यातली वीस दहाचा पाना शोधण्यात.

याच बिघाडासाठी एका चकचकीत ठिकाणी मला वायरिंग हार्नेस बदलण्याचे अठरा हजार सांगितले होते. तिथे एसी होता, कॉफी होती, गाडीच्या पोटात खुपसायला लॅपटॉप होता. मीटर कुणी काढला नाही. दाढ दुखते म्हणून गेलेल्याला जबडा बदलायला सांगणारा डॉक्टर आपण दुसऱ्यांदा पाहिला असता का? पण गाडीच्या बाबतीत आपण ‘कंपनीवाले म्हणतात म्हणजे असेल’ म्हणून मान डोलावतो. मला तर वाटतं, ‘काही सांगता येत नाही’ याचा खरा अर्थ ‘शोधायला बसलो तर तासाचे किती लावायचे हे आमच्या तक्त्यात नाही’ असा आहे. तक्त्यात सुट्या भागांच्या किमती असतात. गंजका बोल्ट ओळखण्याची किंमत नसते.

बॅटरी उतरण्याचंही तसंच. ‘बॅटरी खराब आहे, नवी टाका’ हा पहिला सल्ला. नवी टाकली, तीही उतरली. मग ‘गाडी जुनी आहे, होणारच.’ वय झालं म्हणून करंट गळतो का? गाडी बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या मायनसच्या वाटेत अमीटर घातला तर घड्याळ आणि टेपची आठवण मिळून 50 मिलिअँपिअरच्या आत खाल्लं पाहिजे. माझी गाडी जवळजवळ अर्धा अँपिअर पीत होती. बॅटरी 35 अँपिअर-तासांची. भागाकार करा: सत्तर तास. तीन दिवस गाडी उभी राहिली की चौथ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या घरात. आतल्या छतावरच्या दिव्याचं दाराजवळचं बटण अडकून बसलं होतं, आणि दिव्याचं कव्हर इतकं पिवळं पडलेलं की दिवसा तो पेटलेला कुणाला दिसतच नव्हता. हे शोधायला विज्ञानाचं पारितोषिक लागत नाही. फ्यूज दहा-बारा आहेत, दहा मिनिटं लागतात.

हेडलाइटची गोष्ट तर अधिक गंभीर, कारण तिथे जीव जातात. पसरणीच्या घाटात पावसाळी रात्री धुकं उतरलं की जुन्या गाडीवाला म्हणतो, दिवे मेणबत्तीसारखे लागतात. सल्ला काय मिळतो? शंभर वॉटचे बल्ब टाका. साठ-साठ वॉटचे दोन दिवे अप्परला दहा अँपिअर ओढतात, आणि तो सगळा करंट वीस वर्षं वापरलेल्या बटणातून, बारीक तारांतून जातो. वाटेत व्होल्टेज दहा टक्के गळलं की उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. यावर मोठे बल्ब टाकणं म्हणजे फुटक्या पाइपात जास्त दाबाने पाणी सोडणं. होल्डर वितळतो आणि समोरच्या एसटीवाल्याचे डोळे दिपतात. इलाज म्हणजे दोन रिले आणि बॅटरीपासून फ्यूजमधून थेट आणलेली जाड तांब्याची वायर. बटणाने मग रिलेला फक्त इशारा द्यायचा. पण हे सांगणारा भेटला शंभर फुटी रस्त्यावर, सांगलीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे कॉफी मिळत नाही.

तर हा शेडमधला वायरमन. सुशिक्षित मंडळींचा पुढचा आक्षेप त्याच्यावर असतो: “तिथं नेऊ नका, वायरी कापून ठेवतात.” इथे मी थोडं मान्य करीन, आणि तेवढंच. कापतात, काही जण. माझ्या डॅशबोर्डखाली आधीच्या कुणीतरी केलेली कामगिरी निघाली: दोन वायरी सोलून एकमेकींना वेणीसारख्या पिळलेल्या, त्यावर चिकटपट्टी, उन्हाने तिचा गोंद चिकीसारखा वाहून गेलेला. फ्यूजच्या जागी, खोटं वाटेल, सिगारेटच्या पाकिटातली चांदी. पण ही कला जुन्या गाडीने शिकवली का? ‘शंभर रुपयांत करून दे, घाई आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने शिकवली. आणि शंभर फुटीवरच्या त्या माणसाने काय केलं? कपलर उघडले, हिरवट चढलेल्या पिना एकेक करून साफ केल्या, पिळलेले जोड कापून डाख दिला, त्यावर नळी चढवून गरम हवेने आवळली. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, बिगाड तारंत नसतुया, जोडात असतुया.” माझ्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात इतकं नेमकं वाक्य मी वर्गात बोलले नाही.

सांगलीचा विषय निघाला म्हणून महापुराचं. माहेर सांगली असल्यामुळे 2019 च्या ऑगस्टमधले ते दिवस मला फोनवर काढावे लागले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. कृष्णा 57 फुटांवर गेली. भावाची गाडी छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दोन आठवड्यांनी रस्त्यारस्त्यावर चिखलाने भरलेल्या गाड्या आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच: वायरिंग गेलं, गाडी गेली. बऱ्याच गेल्याही. ज्यांच्या सीटखाली, डॅशबोर्डमागे, दारात संगणक बसवलेले होते आणि बॅटरी जोडलेलीच होती त्या आधी गेल्या. म्हणजे नव्या! आणि त्याच गल्लीतली एका शेजाऱ्यांची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी? बॅटरी काढली, सगळे कपलर गोड्या पाण्याने धुतले, हवेने सुकवले, सेल्फ आणि डायनामो उघडून साफ केले, इंजिनातलं पाणी-तेल बदललं, दिवाळीला ती नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. पुरात बुडालेली प्रत्येक जुनी गाडी वाचते असं मी म्हणत नाही. पण ‘नवीत हे प्रॉब्लेमच नसतात’ हे वाक्य ज्याला म्हणायचं असेल त्याने ते कृष्णाकाठी म्हणू नये.

उसाच्या पट्ट्यातही म्हणू नये. तोडणी सुरू झाली की फडातले उंदीर बेघर होतात आणि उबेला थेट बॉनेटखाली येतात. त्यांना मॉडेलचं वर्ष कळत नाही. नव्या गाडीची एक सेन्सरची तार कुरतडली की पडद्यावर पिवळं इंजिन उगवतं आणि गाडी टोइंगवर जाते. तीच तार माझ्या गाडीत कुरतडली तर ती मला दिसते, कारण तिच्या बॉनेटखाली अजून जमीन दिसते.

राहिला पंधरा वर्षांचा बागुलबुवा. हा आता इतका पसरलाय की रिक्षात, लग्नात, बँकेच्या रांगेत सगळीकडे ऐकू येतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेलं भंगार धोरणही महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला वयावरून मारत नाही. तपासणीत नापास झाली तर मारतं. दहा आणि पंधरा वर्षांची बंदी गाजली ती दिल्लीची. ती बातमी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर येईपर्यंत तिचा कायदा झाला. मी 2023 साली पाच हजार भरले, वर पर्यावरण कर भरला, गाडी दाखवली, पाच वर्षांची मुदत मिळाली. शुल्क वाढवलंय हे खरं. वीस वर्षांपुढच्या मोटारीला आता दहा हजार. सरकारला जुन्या गाड्या नकोशा झाल्यात, हे मला दिसतं. नकोशी असणं आणि बेकायदा असणं यांत फरक आहे, हे आम्हा बायकांना सांगायला नको.

आता टेप.

इथे सगळ्यांचा सूर अचानक नैतिक होतो. दिवे दुरुस्त करा, ठीक. ती गरज आहे. पण टेप? “या वयात? या गाडीत?” जणू मी डॅशबोर्डवर तमाशाचा फड उभा करणार आहे. माझा साधा प्रश्न आहे: वडापच्या जीपमध्ये बारा माणसं कोंबून, दाराला चौघं लोंबकळत, कऱ्हाड ते पाटण हा प्रवास प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटींवर आपण पिढ्यान्‌पिढ्या केला ना? तेव्हा जीप कुठे नवी होती? कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या मागे, त्याच्यावर माझ्या दिवाणखान्याएवढे स्पीकर. त्याला कुणी विचारतं का, या ट्रॅक्टरला टेप कशाला? (खरं तर त्याला विचारायला हवं. मध्यरात्री तो खिडकीखालून जातो तेव्हा भांडी वाजतात.) मग एका निवृत्त शिक्षिकेला सातारा-सांगली सव्वाशे किलोमीटरच्या वाटेत भीमसेन ऐकायचे असतील तर गाडीचा दाखला कशाला बघता?

“आग लागते.” लागते. टेपमुळे नाही. आग लागते फ्यूजच्या जागी चांदी घातल्याने, दहाच्या लाल फ्यूजच्या जागी तीसचा हिरवा खुपसल्याने. फ्यूज वायर वाचवायला असतो. वायर पंधरा अँपिअरची आणि फ्यूज तीसचा असेल तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. आग लागते ती बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वायरीनेही, जी वरून तांबडी दिसते आणि सुरीने खरवडली की आतून पांढरी, ॲल्युमिनियमची निघते. शंभर रुपये वाचवून अशी वायर घालणाऱ्याला नवी गाडी दिली तर तो तीही पेटवेल.

टेप बसवण्यात जी काही विद्या आहे ती पाच प्रकारच्या वायरींची आहे. पिवळी कायम बॅटरीवर, तिच्यामुळे टेपला स्टेशनं आठवतात. लाल चावीवर. काळी अर्थ. निळी अँटेना किंवा ॲम्प्लीला इशारा. आणि स्पीकरच्या जोड्या: पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ असलेली ती मायनस. एवढं चौथीतल्या मुलाला चित्र काढून सांगता येईल. आपल्याकडे काय होतं? फिटर पिवळी आणि लाल एकत्र पिळतो, कारण ‘चावीची लाइन शोधायला वेळ लागतो’. मग टेप बंद करायचं विसरलं की तो रात्रभर जागा, सकाळी बॅटरी झोपलेली, आणि दोष कुणाला? गाडी जुनी!

दुसरं पाप याहून महाग पडतं. जुन्या गाड्यांत कधी कधी सगळ्या स्पीकरची मायनस एकत्र करून पत्र्याला दिलेली असते. त्या काळच्या टेपला ते चालायचं. आताच्या टेपला अजिबात चालत नाही, कारण त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज असतं. जुन्या वायरी तशाच जोडल्या की आतली आयसी धूर सोडते आणि दुकानदार म्हणतो, “तुमच्या वायरिंगनं टेप खाल्ला.” माझ्याकडे एकाने हेच करून वर मलाच व्याख्यान दिलं. चार स्पीकरांना चार नव्या जोड्या ओढायला किती लागतं? वीसेक मीटर वायर आणि दारातल्या रबराच्या नळीतून बोट घालायची चिकाटी.

बाजाराच्या गणिताबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘जुन्या गाडीला एवढा पॉवरफुल टेप झेपत नाही’ असं सांगणारे खोक्यावरचा आकडा वाचून सांगतात. खोक्यावर ‘50 वॉट गुणिले 4’. मागे फ्यूज दहा अँपिअरचा. चौदा व्होल्टांनी गुणा, 140 वॉट आत जातात. मग 200 बाहेर कसे येतात? असा टेप मला महावितरणला भेट द्यायचा आहे. प्रत्यक्षात एका स्पीकरला सलग पंधरा-वीस वॉट मिळतात आणि मारुतीच्या एवढ्याशा पोटात तेवढे भरपूर होतात. असा टेप फार तर एका जोडी हेडलाइटएवढा करंट खातो, तोही गळा फाडून वाजवला तर. झेपत नाही म्हणजे काय?

आणि हा मोबाइल टेकवण्याचा सल्ला! मिरज सांगलीपासून किती लांब आहे? आठ-दहा किलोमीटर. तिथल्या तंतुवाद्याच्या गल्लीत कारागीर सतारीच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा कानस, पुन्हा कान. जवारी हवी तशी बोलेपर्यंत उठत नाही. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते या कानासाठी. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावाच्या शेजारी राहून आपण म्हणायचं, शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर तंबोरा ऐका? त्यातून तंबोरा येत नाही, डास येतो. लहानपणी सांगलीत वडिलांच्या फियाटमध्ये आकाशवाणी सांगली लागायची, 1963 साली सुरू झालेलं केंद्र. खरखर असायची, पण दारातल्या स्पीकरला छाती होती. निवेदकाचा श्वास कळायचा.

त्या खरखरीचं आणखी एक. माझ्या नव्या टेपमध्ये सुरुवातीला एक शिट्टी यायची. इंजिन वाढवलं की शिट्टी चढायची, सोडलं की उतरायची. मंडळींनी लगेच निकाल दिला: जुनी गाडी. मी काळी वायर डॅशबोर्डच्या रंग मारलेल्या पट्टीवरून काढून घासलेल्या पत्र्यावर नेली, इंजिन ते बॉडी ही अर्थची जाड पट्टी तपासली. ती निम्मी तुटलेली होती! शिट्टी गेलीच, शिवाय सेल्फ पहिल्यापेक्षा जोरात फिरायला लागला आणि हेडलाइट उजळले. टेप बसवला म्हणून मला अर्थपट्टी कळली. चांगला टेप हा गाडीच्या वायरिंगला लावलेला स्टेथोस्कोप असतो, आणि तुम्ही मला तो फेकायला सांगत होता.

मला सर्वांत जास्त राग येतो तो हे सगळं या दोन जिल्ह्यांत ऐकावं लागतं याचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हा ‘लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं’ म्हणणारे शहाणे होतेच. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना उभा केला. 1937 साली ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, पण इकडच्या लोकांना आठवतं ते त्यांचं इंजिन. याच साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया बनली, आणि ती स्कूटर घरच्या अंगणात खोलून जोडणाऱ्या पुरुषांना कुणी ‘डब्यात कशाला पैसे घालता’ म्हटल्याचं मला आठवत नाही. सांगलीच्या विश्रामबागेत 1947 पासून चालणाऱ्या अभियांत्रिकी कॉलेजला नाव कुणाचं आहे? वालचंद हिराचंद यांचं, ज्यांनी 1944 साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आज त्या कॉलेजच्या फाटकाबाहेर चहा पिताना एक मुलगा मला म्हणाला, “काकू, ओल्ड कार्सचं वायरिंग म्हणजे ब्लॅक बॉक्स.” इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. मी त्याला दुसरा चहा पाजला नाही.

आणि हप्ता? माझ्या गाडीच्या सगळ्या दुरुस्त्या, रिले, वायरी, डाख, टेप, चार स्पीकर आणि शंभर फुटीवरच्या माणसाची मजुरी मिळून नव्या छोट्या गाडीच्या दोन हप्त्यांच्या आत भागलं. नव्या गाडीचे असे हप्ते साठ असतात. भाचा म्हणतो, “आत्या, पण तिच्यात टचस्क्रीन येतो.” येऊ दे. तो बिघडला की तुझा एसीही त्याच्यातच अडकतो, बाळा.

गेल्या रविवारी पेठ नाक्यावर चहाला थांबलो होतो. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक गृहस्थ गाडीभोवती फिरला, आत डोकावला, चालू असलेला टेप ऐकला आणि माझ्या भाच्याला म्हणाला, “द्यायची का? गिऱ्हाईक हाय. पण इलेक्ट्रिकलचं काय सांगता येत न्हाई ह्या गाड्यांचं, त्या हिशेबानं बोला.”

भाचा पहिल्यांदाच माझ्याकडे बघायला लागला. मी डिकी उघडली, मीटर काढून त्या गृहस्थांच्या हातात दिला आणि म्हटलं, “द्यायची नाही. पण सांगता येतंय का ते बघून जावा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल मागच्या दिव्याच्या बुडाला. ब्रेक दाबायला मी बसते. आकडा मोठ्यानं वाचा.”